विश्वास कमी पडला म्हणे!

पत्र : सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातली, वय ४१. मिस्टर टेम्पो चालवायचे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आता आठवड्यातून तीनदा नगरला डायलिसिस असतं. टेम्पो विकला, मी शिवणकाम करते. आमच्या चर्चच्या मंडळीने सुरुवातीला खूप प्रार्थना केल्या, उपास धरले. आता मात्र कुजबुज चालते की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे प्रचारक, आले होते. त्यांनी मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तुम्ही बरे झालात, आता मशीनवर जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. शिवाय विश्वासाचं बी म्हणून एकवीस हजार पेरा म्हणाले. सासूबाई मंगळसूत्र मोडायला निघाल्यात, मिस्टरही डळमळलेत. माझं मन मानत नाही, पण भीती वाटते की माझ्याचमुळे ते बरे होत नसतील. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत, रागच येतो. दहावीतला मुलगा चर्चला यायचं बंद झालाय. म्हणतो, देव असता तर पप्पांना असं झालं असतं का? त्यात पुढच्या महिन्यात उपकारस्तुतीच्या उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलंय. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे माझ्यासारखीने नक्की करायचं तरी काय?

उत्तर : ताई, सलाम.

बाकी सगळं नंतर. मिस्टरांचं डायलिसिस एकदाही चुकवू नका. मी नर्स होते, नोकरीतली काही वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात गेली, म्हणून हे ठासून सांगते. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगात दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी साठत जातं. ते वेळेवर काढलं नाही तर फुप्फुसात उतरतं आणि माणसाला आडवं झोपता येत नाही, धाप लागते. रक्तातलं पोटॅशियम वाढत राहिलं तर हृदय कधी थांबेल याचा नेम नसतो, आणि ते आधी सांगून येत नाही. दोन दिवस बरं वाटलं म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं. मिस्टर खरंच बरे झाले असतील तर ते रक्ताच्या तपासणीत दिसेल. क्रिएटिनिन उतरेल, लघवी वाढेल, आणि डॉक्टर स्वतःच मशीन बंद करतील. देवाने केलेलं काम रिपोर्टला घाबरत नाही. येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं. त्या काळची तपासणी तीच होती.

मंगळसूत्राला हात लावू देऊ नका. सासूबाईंवर रागावू मात्र नका. त्यांचा मुलगा आहे, त्या बुडत्या माणसासारखी काडी धरताहेत. त्यांना शेजारी बसवून २ राजे याचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचून दाखवा. अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात बुड्या मारून बरा होतो आणि संदेष्टा अलीशाला भेट देऊ करतो. अलीशा काही घ्यायचं साफ नाकारतो. मग त्याचा चाकर गेहजी गुपचूप नामानाच्या मागे धावतो, थाप मारतो आणि चांदी नि कपडे उपटून आणतो. त्याचं पुढे काय झालं ते सासूबाईंना माहीत असेल, संडे स्कूलमध्ये सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. नामानाचा कोड त्याला चिकटला. बरं करण्याच्या बदल्यात पैसे मागणाऱ्याबद्दल शास्त्राचं म्हणणं इतकं उघड असताना आपल्याकडे दरसाल नवा गेहजी येतो, मांडव घालतो, आणि आपणच त्याच्या स्पीकरसाठी वर्गणी काढतो. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो कायदा एका धर्मापुरता नाही. तुम्ही पोलिसात जा असं मी म्हणत नाही. पण त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला तर तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या हातात द्या. मंडळीत आलेल्या पाहुण्याला जाब विचारायचा तर तो त्यांनी विचारावा, तुम्ही का म्हणून?

आता तुमच्या भीतीकडे येते. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण रात्री झोप तीच उडवत असणार.

“तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे,” असं येशू म्हणाला आहे, हे खरं. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला तो तसं म्हणाला. तेवढं एक वचन उचलून लोक हिशेब मांडतात, की विश्वास पुरेसा असेल तर बरं वाटणार, आणि बरं वाटलं नाही तर विश्वास तोकडा. पण शुभवर्तमान पुढे वाचत गेलं की हा हिशेब कुठेच जुळत नाही. बेथेस्दाच्या तळ्यावर अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला आपल्याला कोणी बरं केलं हेसुद्धा माहीत नव्हतं. कफर्णहूमात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या वेळी येशूने विश्वास पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचा. येशूने कबरेतून उठवलं त्या लाजराचं तर विचारूच नका, तो मेलेला होता. आणि मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप! पोराला फेपरं येतं, शिष्यांना काही जमलेलं नाही, सगळी गर्दी बघत उभी आहे. तो ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. म्हणजे अर्धामुर्धा, डळमळीत विश्वास. त्याचा मुलगा बरा झाला.

उलट बाजूही बघा. प्रेषित पौलाच्या विश्वासाला कमी म्हणायची कोणाची छाती आहे? त्याच्या शरीरात काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते “माझी कृपा तुला पुरे आहे”. त्याचा सोबती त्रफिम मिलेतात आजारी पडला, तर पौल त्याला तिथेच ठेवून पुढे गेला आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात ते एका ओळीत सांगून टाकलं. विश्वास कुठे कमी पडला याची चौकशी त्याने लावली नाही. तीमथ्याचं पोट वरचेवर बिघडायचं, त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याच्यासोबत फिरणारा लूक तर वैद्यच होता. तुमच्या मंडळीत कुजबुजणाऱ्यांना विचारा, पौलाच्या घोळक्यात वैद्य कशाला लागत होता म्हणून.

तेव्हा ताई, मिस्टरांच्या किडन्या तुमच्यामुळे गेल्या नाहीत आणि तुमच्यामुळे अडून बसलेल्याही नाहीत. आपल्याकडे किडनी जाते ती बहुतेक वेळा बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलेल्या शुगर नि बीपीने. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारली. तुमच्या गावात मात्र हा प्रश्न अजून चघळला जातोय.

तुमचा राग. त्याबद्दल तुम्हाला लाज वाटते, असं अक्षरावरून वाटलं, कारण तो शब्द लिहून खोडून परत लिहिलाय. देवावर राग आला की आपल्याला वाटतं, संपला आपला विश्वास. मला नेमकं उलटं वाटतं. ज्याच्याकडून काही आशाच उरली नाही, त्याच्यावर कोण कशाला रागवेल? लाजराची बहीण मार्था येशूला काय म्हणाली होती? “प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.” चार दिवस उशिरा आलेल्या पाहुण्याला गावाबाहेरच गाठून सुनावलंय तिने. मागून तिची बहीण मरीया आली, तिनेही तेच सुनावलं. येशूने दोघींपैकी एकीलाही दटावलं नाही. काही वेळातच आपण लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी योहान लिहितो, “येशू रडला.” मी वॉर्डात असताना मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात जवळचं वाटायचं. कबरेतून उठवणं आपल्या हातातलं नाही. रडणाऱ्याजवळ बसणं असतं.

स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांत मोठा वाटा गाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर, कोठवर’ करत देवाचा पिच्छा पुरवतो. अठ्ठ्याऐंशीवं तर सुरू होतं रडगाण्याने आणि संपतं काळोखात, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि कोणी फाडून टाकलेलं नाही. वधस्तंभावर येशूने म्हटलं तेही बाविसाव्या स्तोत्रातलं गाऱ्हाणंच, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” प्रार्थनेला शब्द नाहीत ना? मग अठ्ठ्याऐंशीवं वाचा आणि पुस्तक मिटा. झाली प्रार्थना. तेवढंही होत नसेल तर नुसतं कण्हा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की काय प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. गंमत अशी की, देव सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतो, हे भेटायला येणारा प्रत्येक जण तुम्हाला ऐकवत असलेलं वचन त्यानंतर लगेच येतं. लोक कण्हण्याच्या ओळी गाळतात आणि पुढची तेवढी घेऊन येतात, शहाळ्याबरोबर.

शहाळ्यावरून आठवलं. आजाऱ्याला भेटायचं म्हणजे आपल्याकडे शहाळं ठरलेलंच. डायलिसिसच्या पेशंटला ते विष आहे हो, पोटॅशियम भरपूर आणि वर पाणी. नाही म्हणायचा संकोच करू नका, शहाळं मुलाला द्या. केळी, टोमॅटोचं सार, फळांचे रस यांबद्दल आहारतज्ज्ञाला एकदा नीट विचारून घ्या, दर जेवणाला भीत बसण्यापेक्षा ते बरं. मिस्टरांना पाणी मोजून द्यावं लागत असेल. सकाळीच दिवसभराचं पाणी एका बाटलीत काढून ठेवा आणि चहा, औषधाचा घोट सगळं त्यातूनच जाऊ द्या. म्हणजे ‘अजून थोडं दे ना’ यावरून नवरा-बायकोत भांडण लागत नाही. बाटलीच सांगते. प्यायला लहान पेला ठेवा. जेवणात मीठ कमी झालं की तहानही थोडी कमी होते. हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलेला असेल तर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून बघा, आत थरथर लागली पाहिजे. ती लागली नाही तर त्याच दिवशी युनिटला फोन करा. त्या हातावर कोणाला बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका. हे बायकोला कळलेलं असलं की अर्धी लढाई जिंकली.

पैशाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण टेम्पो गेला म्हणजे कळलं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, डायलिसिस त्यात बसतं. तुमचं रुग्णालय योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्याचीही चौकशी करा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथला समाजसेवक गाठायचा, नुसत्या काउंटरवर विचारलं तर ‘खाट नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. प्रत्यारोपणाचा विषय डॉक्टरांनी काढला नसेल तर तुम्ही काढा. बायको, आईवडील, भावंडं यांना कायद्याने किडनी देता येते. घरातलं कोणी जुळत नसेल तर प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. यादी लांब असते, म्हणून तर नाव लवकर घालायचं. एकवीस हजार हाताशी असतील तर या धावपळीला आणि तपासण्यांना लागतील.

मिस्टर बरे होतील का, हे मला माहीत नाही. मांडवातल्या त्या सेवकालाही माहीत नव्हतं. आणि भरवसा म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत ते इथेच येतं. बाबेलात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो धगधगत्या भट्टीपुढे उभे होते. राजाला त्यांनी सांगितलं, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. पुढे काय होणार हे त्या वेळी त्यांना ठाऊक नव्हतं. ते भट्टीतून सुखरूप बाहेर आले हा शेवट माहीत असताना आपण ती गोष्ट वाचतो, म्हणून सोपी वाटते. तुमची गोष्ट अजून अर्ध्यावर आहे आणि तुम्ही ती आतून जगताय, त्यामुळे ती सोपी वाटायला नकोच.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण मुक्ती मिशनमुळे घेतो. त्यांच्या घरात किती मरणं झाली, ते मात्र कोणी सांगत नाही. कोवळ्या वयात, दुष्काळाच्या वणवणीत आई, वडील, बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि कडेवर लेक मनोरमा. तोवर त्यांचा बाप्तिस्मासुद्धा झाला नव्हता, तो पुढच्या वर्षी झाला. मग १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तिथे विहिरी खणल्या, छापखाना चालवला. आपल्यामागे काम बघेल असं वाटत होतं ती मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांच्या हातात शेवटपर्यंत होतं. एवढ्या मरणांचा अर्थ त्यांना कळला होता, असा दावा मी करणार नाही. विहीर खणायला मात्र त्या अर्थ कळायची वाट बघत थांबल्या नाहीत.

मुलाला चर्चला ओढू नका. दहावीचं वर्ष, घरात हे असं, आणि बापाचा टेम्पो त्याच्या डोळ्यांदेखत गेलेला. त्याचा प्रश्न, काही दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबाचाच आहे. ईयोबाचे तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते शहाणे होते. तोंड उघडल्यावर बिघडलं. देवाची बाजू घेऊन त्यांनी लांबलचक भाषणं ठोकली, आणि शेवटी देव त्यांच्यावरच संतापला. भांडला ईयोब, पण खरं बोलला तोच, असं देवाने सांगितलं. म्हणून पोरगा बोलला की लगेच उत्तर द्यायला धावू नका. “मलाही कळत नाही रे,” म्हणालात तरी चालेल. एखाद्या दिवशी पप्पांबरोबर डायलिसिसला तो बसू दे, अभ्यासाचं पुस्तक घेऊन. चार तास बापाशेजारी बसणं ही त्याची प्रार्थना आहे असं समजा, त्याला मात्र तसं म्हणू नका, चिडेल. आणि त्याच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकांच्या कानावर घरची परिस्थिती घालून ठेवा.

तुम्ही झोपता कधी? संदेष्टा एलीया जीवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, खा म्हणाला. तो खाऊन परत झोपला, तरी काही बोलला नाही. पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. आठवड्यातल्या तीनपैकी एका डायलिसिसला तुमच्याऐवजी दुसरं कोणी जायला हवं. दीर, भाचा, मंडळीतला एखादा तरुण, कोणीही. त्या दिवशी शिलाईमशीनला हात लावायचा नाही. झोपायचं.

हे मागायला तुम्हाला जड जाईल, म्हणून साक्षीचा उपयोग करून घ्या. नको असेल तर सरळ नाही म्हणा, साक्ष म्हणजे काही परीक्षेची तोंडी नव्हे. पण उभं राहायचंच असेल तर बरं झाल्याचं, चमत्काराचं काही रचून सांगू नका. देवाला खोट्या साक्षीदारांची गरज नाही. दोन मिनिटं बोला. मिस्टर अजून आजारी आहेत, आठवड्याला तीनदा मशीन लागतं, मला देवाचा रागही येतो आणि तरी मी आज इथे आले आहे, एवढं सांगा. दीड वर्षात ज्यांनी डबा दिला, उसने पैसे दिले, नगरला सोडायला गाडी काढली, त्यांचे नावानिशी उपकार माना. मग खाली बसायच्या आधी पाळकसाहेबांकडे बघून विचारा, येत्या शनिवारी नगरला यांच्यासोबत कोण जाईल? आणि कोणीतरी हात वर करेपर्यंत उभ्या राहा.